मामाच्या गळ्यातली माळ

९ फेब्रुवारी

मी, फिदेन्सियो पायेस बुइत्रागो, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार कोएन नदीच्या वरच्या अंगास, शिक्षण मिशनच्या शाळेत इयत्ता चौथी — उत्तीर्ण —, पूर्वी ग्रामसमितीचा चिटणीस, हल्ली कोणी नाही, येणेप्रमाणे नमूद करून ठेवतो की, काल शेजारच्या घराच्या शाकारणीला जमलेल्या सर्व मंडळींसमक्ष मी माझ्या गळ्यातील वाघाच्या दातांची माळ माझा मुलगा अब्दिएल यास देण्याचा शब्द दिला. शब्द शुद्धीत दिला. चिचाच्या, म्हणजे मक्याच्या दारूच्या, दोनच वाट्या झाल्या होत्या.

माळ मुलाकडे जात नसते, भाच्याकडे जाते. हे मला कोणी शिकवू नये. मलाही ती वडिलांकडून मिळालेली नाही. आईच्या भावाकडून, सेबेरोमामांकडून मिळाली. आमचे कूळ आईकडून चालते, आणि माळ कुळाची. ती कुळातल्या पुरुषाने गळ्यात वागवायची आणि बहिणीच्या मुलाच्या गळ्यात उतरवायची. असे असूनही मी शब्द दिला, कारण माझ्या बहिणीचा एकुलता मुलगा नेमेसियो ओकोम झाला आहे. प्रेते धुणे, पानांत गुंडाळणे, पुरणे — हे त्याचे काम. आमच्या आईच्या घरात आजवर कोणी हे काम केले नाही! ज्या हातातून कोणी वाटी घेत नाही, त्या हातात वाघाचे दात द्यायचे?

गेल्या पुरात माझे कमरेचे हाड मोडले, तेव्हा अब्दिएलने मला पाठीवर घेऊन नदी ओलांडली. पाणी त्याच्या छातीला लागत होते. तो एकदाही थांबला नाही. भाचा त्या दिवशी दुसऱ्या काठी कोणाचे तरी प्रेत गुंडाळीत होता.

शब्द दिला. विषय संपला. थकलो आहे.

११ फेब्रुवारी

कमर. दुसरे काही नाही.

१४ फेब्रुवारी

अब्दिएल वरपर्यंत चालत आला. खाली होडीच्या धक्क्याजवळ परदेशी पाहुण्यांसाठी जे मोठे पानांचे घर बांधले आहे, तिथे तो काम करतो. कोको भाजून दाखवणे, वाटून दाखवणे, जंगलात फिरवून आणणे. कोको वाटणे हे वास्तविक बायकांचे काम. परंतु पाहुण्यांना ते ठाऊक नाही आणि अब्दिएलला चालते.

त्याने माझ्यासाठी खारवलेले मासे आणले. चूल पेटवली, केळी उकडली, माझे पाय चोळले. मग म्हणाला की तो माळ गळ्यात घालणार नाही. मी विचारले, मग काय करणार? तर लाल लाकडाची पेटी करून, वर काच बसवून, पाहुण्यांच्या घरात दारासमोर ठेवणार.

"सगळ्यांना दिसेल, बाबा. इथं तुमच्या सदऱ्याखाली कुणाला दिसते? खाली चिठ्ठी लावीन. तुमचं पूर्ण नाव."

"पूर्ण?"

"पायेस बुइत्रागो. दोन्ही."

मी त्यास म्हणालो की नावाला महत्त्व नाही. असे म्हणालो खरे. तो गेल्यावर मी उगीचच बराच वेळ ताठ बसून होतो.

२० फेब्रुवारी

अपोलोनियाताईचा निरोप आला. माझी थोरली बहीण, नेमेसियोची आई. कुळातली सर्वांत वडीलधारी बाई तीच. निरोप असा — "त्याला म्हणावं, चालता येत असेल तर ये. नसेल तर सरपटत ये."

गेलो. वाटेत पाच ठिकाणी बसलो. पूर्वी ही वाट मी खांद्यावर केळीचा घड घेऊन शीळ घालीत चढत असे.

ताई ओसरीवर वाख वळीत बसली होती. माझ्या माळेचा दोर तिनेच ओवलेला. जुना झिजला की घायपात सडवून नवा वळते. तिची लेक ग्रिसेल्दा हिने मला कोको दिला. ताईने माझ्याकडे पाहिलेही नाही. हात तेवढा पुढे केला.

"काढ."

काढून दिली. तिला आता नीट दिसत नाही. तिने माळ मांडीवर घेतली आणि दातांना हात न लावता मधल्या मण्यांवर बोट फिरवू लागली. राखाडी, कठीण बियांचे मणी. अंगणाच्या कडेला उगवतात त्याच बिया.

"वाघाचे दात किती होते सेबेरोमामाच्या वेळी?"

"आहेत तेवढेच."

"आणि मणी?"

मणी तेव्हा कमी होते. कुळात मुलगी जन्मली की एक मणी वाढतो, हे लहानपणापासून पाहिलेले. परंतु त्याचा विचार मी कधी केला नव्हता. लोक दात पाहतात. मीही दातच पाहत आलो.

"ही आई," ताई म्हणाली. "ही मी. ही आपली धाकटी, तापानं गेली ती. ही ग्रिसेल्दा. या तिच्या पोरी. दात वाढत नाहीत, फिदेन्सियो. वाढतो तो हा भाग. सिबोदेवानं आपल्याला मक्याच्या दाण्यासारखं टोपलीत घालून आणलं, ते काय दात म्हणून आणलं?"

"मी शब्द दिला आहे."

"कुणाच्या जिवावर? मला विचारलंस? या सगळ्याजणींना डेल्फिनाच्या कुळात देऊन टाकलंस, आणि म्हणतोस शब्द दिला."

डेल्फिना म्हणजे माझी दिवंगत पत्नी. अब्दिएल तिच्या कुळाचा. मी ताईस सांगितले की अब्दिएल चांगला मुलगा आहे. तिने मान हलवली.

"चांगलाच आहे. मला केळी आणून देतो, माझी चौकशी करतो. तो तुझा आहे. पण आपला नाही. एवढं कळायला चौथी पास व्हावं लागतं का?"

मग मी नेमेसियोच्या कामाचा विषय काढला. ताई हसली. तिला एकच दात उरला आहे, तो दिसला.

"मला उचलायला तू येणार आहेस का? कमरेनं?"

पेटीचेही सांगितले. तिने एक दात उचलून माझ्या नाकाखाली धरला. म्हणाली, वास घे. हा सेबेरोमामाचा घाम आहे, त्याच्या आधीच्याचा आहे, तुझा आहे. दात घामावर जगतात. काचेखाली ठेवलेस तर कोरडे पडतील, भेगाळतील, नि एक दिवस पाहुण्यांसमोरच दोन फाका होतील. त्यांनाही बघायला मजा येईल.

निघताना तिने माळ परत माझ्या गळ्यात घातली. स्वतःच्या हाताने. काही बोलली नाही. तेवढे बोलणे मला पुरले असते, तर बरे झाले असते.

२१ फेब्रुवारी

बाईमाणसाने भावाशी असे बोलू नये.

२४ फेब्रुवारी

ती थोरली आहे. तिने बोलावे. — पाय सुजले आहेत.

२ मार्च

पलीकडच्या काठचा म्हातारा माउरिलिओ वारला. मी गेलो नाही, दुरून पाहिले. नेमेसियोने त्यास पानांत गुंडाळले, वेलींनी बांधले, एकट्याने पाठीवर घेतले आणि टेकाडावर नेले. जवळचे नातलग बऱ्याच अंतरावरून चालत होते. त्याच्या पावलांत घाई नव्हती. मी एखाद्याला काम करताना पाहतो तेव्हा प्रथम पावले पाहतो. पावले चांगली होती. हे नमूद करतो.

परतताना तो माझ्या अंगणाशी आला. घरात आला नाही, येणारही नव्हता. आवाने, म्हणजे आमच्या गाणाऱ्या वैद्याने, गाऊन त्याचे सुतक उतरवीपर्यंत त्याने लोकांपासून लांब राहायचे असते. तो कोकोच्या झाडाखाली बसला, मी ओसरीवर.

"मामा, तिथंच बसा. वारा तुमच्याकडून माझ्याकडं आहे. नियमात बसतं."

मी विचारले, दमलास का. म्हणाला, गिऱ्हाईक जड होते, पण बिचाऱ्याने कुरकुर केली नाही.

"मेलेल्याची थट्टा करू नये," मी म्हणालो.

"थट्टा कुठं, मामा. मोठेपणा सांगतोय. जिवंतपणी तो केवढा कुरकुरायचा!"

मला हसू आले. मी ते दाबले. मग मी सरळच विचारले की आपल्या घरात हे काम कोणी केले नव्हते, तुलाच कशी बुद्धी झाली?

"मग आपली माणसं उचलली कुणी?"

"दुसऱ्यांनी."

"आजीला?"

"दुसऱ्यांनीच."

"सेबेरोआजोबांना?"

मी मान हलवली.

"म्हणजे सावड आहे आपल्या घरावर," तो म्हणाला. "कुणी आपलं घर शाकारायला आलं तर आपण त्याचं शाकारायला जातो. ही सावड फेडायची नाही होय? जुना ओकोम गेल्यावर या काठाला कुणीच नव्हतं. सगळे एकमेकांकडं बघत होते. मला ते बघणं सहन होईना."

मी त्यास उकडलेली केळी दिली. पानावर ठेवून, जमिनीवर; मी मागे आल्यावर त्याने ती उचलली. हातात दिलेली नाहीत. नियम तो नियम.

माळेचा विषय त्याने काढला नाही. त्यास ठाऊक आहे. साऱ्या नदीला ठाऊक आहे. त्याने माझ्या गळ्याकडे पाहिलेसुद्धा नाही, आणि मला वाटते, तेच मला अधिक लागले.

३ मार्च

सेबेरोमामांच्या कोयत्याची आठवण झाली. आजी वारली तेव्हा कोयता घरातच, तिच्या उशाशी राहून गेला. माणसावरचे सुतक आवाच्या गाण्याने उतरते. वस्तूवरचे उतरत नाही. मरणाच्या घरात राहिलेली वस्तू ओकोमची. त्यानेच ती उचलायची, त्यानेच ठेवायची, परत मागायची नाही. तो ओकोम पलीकडच्या काठचा, परक्या कुळाचा होता. कोयता नदीपार गेला. मामा पुढे कितीतरी दिवस रिकाम्या हाताने शेतात जात. पण त्यांनी कधी मागितला नाही, आणि कोणी त्यांना मागायला सांगितलेही नाही.

हे आज का लिहिले, ठाऊक नाही. म्हातारपणी मागचे फार स्पष्ट दिसते, आणि पुढ्यातले भांडे दिसत नाही.

९ मार्च

शब्द परत घ्यावा, असे ठरवून खाली गेलो. होडीवाल्याने फुकट नेले. मला कोणी फुकट नेलेले आवडत नाही, परंतु कमरेला आवडते.

वाटेत वाक्य तयार केले होते. "अब्दिएल, मी चुकलो; माळ कुळाची आहे, ती कुळातच राहील." तीनचार वेळा मनात म्हणून पाहिले. वाक्य शुद्ध होते.

पेटी तयार आहे. लाल लाकडाची, सुबक, कोपरे एकमेकांत अचूक बसवलेले. एकही खिळा नाही. आत त्याने कापूस अंथरला आहे. वर काच. अब्दिएलचे हात फार चांगले आहेत — ते त्याच्या आईचे. त्याने मला पेटीसमोर उभे केले आणि तिथे काम करणाऱ्या सर्वांना हाक मारली.

"हे माझे वडील. मी सांगितलं होतं ना? यांनी एकदा तोंडातून शब्द काढला की नदी उलटी वाहील, पण शब्द फिरणार नाही."

सगळ्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केले. एका मुलीने मला खुर्ची दिली. मी खुर्चीत बसलो. वाक्य घशात बसले.

परत येताना होडीवाल्याने विचारले, "काय दोनदोनदा सुस्कारे टाकताय, काका?" मी सांगितले, दमा आहे. मला दमा नाही.

शब्द फिरवणारा फिदेन्सियो पायेस या नदीने कधी पाहिलेला नाही. मीही पाहिलेला नाही. मला त्याचे तोंड बघवणार नाही. आणि शब्द पाळणारा जो आहे, त्याचेही हल्ली बघवत नाही.

१५ मार्च

ग्रिसेल्दा आली. ताईने अन्न सोडले आहे. फक्त कोको घेते, तोही वाटीच्या काठाला ओठ लागेल इतकाच. आवा कासिमिरो येऊन बसले आहेत. ते गात आहेत.

मी माझे अंथरूण तिकडे हलवले. चालत गेलो. कितीदा बसलो, मोजले नाही.

१७ मार्च

आवा गातात. ताई मधूनमधून डोळे उघडते, मला पाहते, पुन्हा मिटते. एकदा म्हणाली, "अजून इथंच? घरी कामं नाहीत का?" एकदा आईच्या नावाने हाक मारली. तेव्हा मी "ओ" दिली. कोणी तरी द्यायला हवी होती.

नेमेसियो टेकाडाच्या पायथ्याशी झोपडीत थांबला आहे. माउरिलिओचे सुतक आवांनी उतरवलेले आहे. त्यास आईपाशी येता येते. येतो, बसतो, तिचे पाय चेपतो. परंतु ओकोम घरात फार वेळ बसला की आजारी माणसाच्या जिवाला घाई होते असे म्हणतात, म्हणून थोडे बसून निघून जातो. स्वतःच्या आईपाशी थोडे बसून निघून जाणे — हे मी तीन वेळा पाहिले. तिन्ही वेळा तो दारातून मागे न पाहता गेला.

अब्दिएलही आला आहे. सरपण फोडतो, पाणी भरतो, नेमेसियोशी बोलतो. दोघे चांगले बोलतात. आडून मी ऐकले. अब्दिएल म्हणत होता, "राग नाही ना तुला?" आणि नेमेसियो म्हणाला, "माझ्या गळ्याला कुठं माळ रे. माझं काम वाकून. लोंबत राहील मध्ये." यावर दोघे हसले. नेमेसियो आधी थांबला.

१९ मार्च

सकाळी आवा कासिमिरो गायचे थांबले. बाहेर येऊन त्यांनी सर्वांस सांगितले, "ज्याला जे राखायचं आहे, त्यानं ते आत्ताच घराबाहेर काढावं. अंगावरचंही. आज-उद्याकडं होईल."

ग्रिसेल्दाने भांडी, टोपल्या, स्वतःच्या गळ्यातले मणी, कोको वाटण्याचा दगड, सारे अंगणापलीकडच्या झाडाखाली नेले. अब्दिएलने कोयते काढले, घड्याळ काढले. घर उघडे झाले. ताई मधोमध, आणि भोवती काही नाही.

अब्दिएल मला म्हणाला, "बाबा, माळ." मी म्हणालो, "काढतो."

२० मार्च

ताई गेली. ऊन उतरायला लागले होते. मी जवळ होतो, बाकीचे दाराशी. श्वास थांबल्यावर आवांनी खूण केली आणि सर्व बाहेर आले. मला अब्दिएलने दंडाला धरून आणले. अंगणात आल्यावर मला धाप लागली, मी सदऱ्याची वरची गुंडी सोडली, आणि माळ बाहेर आली.

ग्रिसेल्दाने तोंडावर हात धरला.

अब्दिएल पुढे आला, हात पुढे केला आणि तसाच थांबला. आवा कासिमिरोंनी त्यास मागे ओढले. "आता हात लावू नको. मरणात बसून आली आहे ती."

"बाबा, तुम्ही काढतो म्हणाला होतात."

मी विसरलो. तसे मी त्यास सांगितले. एका कामातून दुसरे निघते, ताईचे पाय गार पडत होते, आणि मी विसरलो.

आवा बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "वय झालं. त्याला काय करणार."

२३ मार्च

तीन दिवस मी अंगणाच्या टोकाला वेगळ्या आडोशात बसून होतो. माळ गळ्यात. माझ्या स्वतःच्या हातानेही तिला स्पर्श करायचा नाही, असे आवांनी बजावले होते. मान खाजली तर काडीने खाजवायची. मी काडीने खाजवली. लिहायला मनाई नव्हती, परंतु मन नव्हते.

नेमेसियोने आईस गुंडाळले, बांधले, पाठीवर घेतले. मी लांबून पाहिले. पावले तशीच. एकदा मात्र, चढ सुरू होतो तिथे, तो थांबला आणि ओझे वर सरकवले, जसे आपण झोपलेले मूल खांद्यावर सरकवतो तसे. मग पुढे गेला.

आज पुरणे आटोपून तो आडोशापाशी आला. आवा काही अंतरावर उभे राहिले आणि नियम मोठ्याने बोलले: मरणाच्या घरातली वस्तू ओकोम उचलील, ओकोम परक्या कुळाचा असेल तर ती त्याच्याबरोबर जाईल, ओकोम त्याच कुळाचा असेल तर ती कुळात राहील, आणि जो उचलील तो वागवील.

नेमेसियो माझ्यासमोर गुडघ्यावर बसला. त्याच्या बोटांना पानांचा आणि मातीचा वास होता. गाठ ताईने बांधलेली. ती त्याला सोडवेना. मी म्हणालो, तोडू नको. तो म्हणाला, "तोडत नाही, मामा. आई ओरडेल." गाठ सुटेपर्यंत आम्ही दोघेही त्या गाठीकडेच पाहत होतो, म्हणजे तो पाहत होता आणि मी त्याच्या कपाळाकडे पाहत होतो. कपाळ ताईचे आहे. इतकी वर्षे कसे दिसले नाही!

माळ त्याने स्वतःच्या गळ्यात घातली. सदऱ्याच्या आत टाकली. "वाकताना लोंबायला नको," म्हणाला.

नंतर आवांनी माझ्यावरून गाणे म्हणून मला मोकळे केले. मान हलकी लागते. वाईट लागते.

अब्दिएल मला घरी घेऊन आला. वाटेभर एक शब्दही रागाचा नाही. म्हणाला, पेटीत तो कोकोचे दाणे ठेवील. आणि म्हणाला, "जाऊ दे, बाबा. तुमचा काय दोष. या वयात होतंच असं." हे त्याने फार मायेने म्हटले. कोणीतरी मारले असते तर बरे वाटले असते.

सदर वस्तू माझ्या गळ्यातून उतरली त्या वेळी हजर मंडळी: आवा कासिमिरो, ग्रिसेल्दा, अब्दिएल, आणि नेमेसियो, ज्याने ती उतरवली.

२५ मार्च

बातमी नदीभर गेली आहे. होडीवाल्याने आज मला माझे नाव विचारले — आठवते का पाहायला! अब्दिएल अजून माझ्याकडेच राहिला आहे; मी बूट उलटसुलट तर घातले नाहीत ना, हे वाकून पाहतो. चुलीतला विस्तव मी झोपण्यापूर्वी तो स्वतः विझवतो. शेजारीण माझ्याशी मोठ्याने आणि सावकाश बोलते.

मी कोणासही काही सांगत नाही. चूल विझवू देतो.

२७ मार्च

वीस तारखेच्या नोंदीत एक विधान चुकीचे आहे. ते दुरुस्त करतो.

मी विसरलो नव्हतो. त्या सकाळी मी सदऱ्याची गुंडी गळ्यापर्यंत लावून आत गेलो होतो. ताईने विचारले, "माळ कुठं आहे?" मी म्हणालो, बाहेर, झाडाला. तिने हात उचलला, माझ्या छातीवर ठेवला, आणि सदऱ्यावरून एकेक मणी चाचपत स्वतःच्या मण्यापर्यंत आली. तिथे बोट थांबले.

"फिदेन्सियो," ती म्हणाली, "आयुष्यात एकदा तरी नीट खोटं बोललास."

त्या वेळी हजर: अपोलोनिया पायेस बुइत्रागो. इतर कोणी नाही.